बियाण्यांतील स्निग्ध पटल आणि सोयाबीनची उगवण

ज्या शेतकऱ्यानें एकदां दुबार पेरणी केली आहे, त्यास तिचें दुःख निराळें सांगावयास नको. बियाणें गेलें, खत गेलें, मजुरी गेली, आणि या तिहींहून मोलाचा असा मृगाचा आठवडा गेला. तो कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. २०२० सालच्या खरिपांत मराठवाड्यांत व विदर्भांत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या कीं, तो प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जाऊन पोंचला. त्या वर्षीं प्रस्तुत लेखकाच्या शेतांतहि हा प्रकार घडला. परंतु तो अशा रीतीनें घडला कीं, दोष कोणाच्या माथीं मारण्याची सोयच राहिली नाहीं. त्याची हकीकत प्रथम सांगतों.

आमच्या विहिरीजवळ लागून लागून दोन पट्ट्या आहेत. एक तीन एकरांची, दुसरी अडीच एकरांची. जमीन दोन्ही ठिकाणीं मध्यम काळी. बियाणें घरचें, एकाच राशींतलें व एकाच खोलींत ठेवलेलें. वरची पट्टी जूनच्या १२ तारखेस पेरली. जमिनीचा वरचा थर तेवढा ओला होता, खालीं कोरड होती. पण आभाळ भरून आलें होतें, आणि शेजाऱ्यांच्या तिफणी चालूं झालेल्या पाहून धीर धरवला नाहीं. त्याच रात्रीं तीन तास मुसळधार पाऊस पडला व सकाळीं ओळीओळींतून पाणी उभें होतें. खालची पट्टी त्यामुळें राहून गेली. ती १७ तारखेस चांगला वाफसा आल्यावर पेरली. पुढें रोपें मोजलीं, तेव्हां खालच्या पट्टींत मीटरभर ओळींत तेरा-चौदा भरलीं. वरच्या पट्टींत कोठें पांच, कोठें तीन, आणि कोठें हातभर नुसती मातीच.

बांधावर आमचे शेजारी आबा भेटले. म्हणाले, “तात्या, तुमचें बी बोगस निघालें म्हणायचें.”

“आबा, बी घरचें आहे. बोगस म्हणायचें तर मला स्वतःलाच म्हणावें लागेल.”

“मग तें जमिनीनें गिळलें कीं काय?”

आबांचा प्रश्न थट्टेचा होता, पण तो कांहीं केल्या मनांतून जाईना. उरलेल्या बियाण्यांतील शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवले, तर ६८ उगवले. म्हणजे पोत्यांतलें बी मेलेलें नव्हतें. कोणी म्हणेल कीं, पावसानें वर पापडी धरली व कोंब आंतल्या आंत दबले. आम्हांलाहि प्रथम तसेंच वाटलें. म्हणून खुरप्यानें ओळ उकरून पाहिली. पापडीखालीं अडकलेले कोंब वांकडे झालेले सांपडतात. येथें कोंबच नव्हते. होते ते फुगून मऊ झालेले, बोटांत धरतांच बुळबुळीत होऊन फुटणारे आणि घाण येणारे दाणे. हें बी जमिनीनें गिळलें नव्हतें. तें पाण्यांत पडल्यावर पहिल्या कांहीं तासांतच मेलें होतें, व नंतर कुजलें होतें.

पाण्यावांचून जें उगवत नाहीं, त्यास पाण्यानेंच कसें मारावें? याचें उत्तर दाण्याच्या सालींत थोडेंसेंच आहे. खरें उत्तर दाण्यांतील प्रत्येक पेशीभोंवतीं असलेल्या एका अत्यंत पातळ व तेलकट पडद्यांत आहे. शास्त्रीय पुस्तकांत यास पेशीपटल म्हणतात. आपण येथें त्यास नुसतें पटल म्हणूं. सोयाबीनसारख्या पिकांत बी जगतें कीं मरतें, याचा निकाल पुष्कळ वेळां या पटलावरच लागतो. म्हणून तें काय आहे हें समजून घेण्यास थोडा वेळ खर्च केला तर तो वायां जाणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

पटल डोळ्यांस दिसत नाहीं. पण त्याचें काम घरच्या स्वयंपाकघरांत पाहतां येतें. तांबड्या माठाचीं दोन-चार पानें चिरावीं आणि तुकडे तीन वेळां पाण्यांतून काढावे, म्हणजे सुरीनें फुटलेल्या पेशींतला रंग धुऊन जाईल. मग अर्धे तुकडे थंड पाण्याच्या पेल्यांत व अर्धे कढत पाण्याच्या पेल्यांत टाकावे. थंड पाणी बराच वेळ जवळजवळ निर्मळ राहतें. कढत पाणी पाहतां पाहतां तांबडें होतें. पानें तींच, रंगहि तोच. पेशीची बाहेरची जाड भिंत कापसाच्या तंतूच्या द्रव्याची असते. ती दोन्ही पेल्यांत शाबूत आहे. तिच्यांतून पाणी व विरघळलेले पदार्थ सहज ये-जा करतात, म्हणून ती रंग अडवूं शकत नाहीं. रंग अडवून धरला होता तो तिच्या आंतल्या पटलांनीं, आणि उष्णतेनें तींच मोडलीं. जिवंत पेशी आपली मालमत्ता धरून ठेवते, मेलेली सोडून देते. आमच्या घरीं सुनेनें हा प्रयोग पाहिला व म्हणाली कीं, हें तर आम्हीं रोज भाजी करतांना पाहतों. तें खरेंच आहे.

हें पटल तेलकट आहे असा सुगावा प्रथम अर्नेस्ट ओव्हर्टन या वनस्पतिशास्त्रज्ञांस लागला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत झुरिच येथें त्यांनीं शेंकडों निरनिराळे पदार्थ घेऊन ते जिवंत पेशींत किती वेगानें शिरतात याची परीक्षा केली. तेलांत विरघळणारे पदार्थ झपाट्यानें आंत जात. केवळ पाण्यांत विरघळणारे बाहेर ताटकळत राहत. यावरून पेशीचा उंबरठा स्निग्ध द्रव्याचा असला पाहिजे, असें त्यांनीं अनुमान केलें. पुढें १९२५ सालीं हॉलंडांतील लायडन येथें गोर्टर व ग्रेंडेल या दोघांनीं रक्तांतील तांबड्या पेशींचा स्निग्धांश काढून तो पाण्यावर पसरला व त्यानें व्यापलेली जागा मोजली. ती पेशींच्या एकंदर पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. म्हणजे पटल एकेरी नसून दुहेरी आहे. यांतली गंमत अशी कीं, त्यांच्या कामांत दोन चुका होत्या. स्निग्धांश पुरता निघाला नव्हता, आणि पेशींचा पृष्ठभागहि त्यांनीं कमी धरला होता. एका चुकीनें दुसरी भरून काढली व उत्तर बरोबर आलें. हिशेबांतलें असें भाग्य आपणां शेतकऱ्यांच्या वांट्यास फारसें येत नाहीं.

आतां या पटलाची जाडी किती, तें एका जुन्या गोष्टीवरून चांगलें ध्यानांत येईल. अमेरिकेचे प्रसिद्ध मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनीं लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यांत एकदां चमचाभर तेल ओतलें. तें पसरत गेलें, आणि सुमारें अर्ध्या एकरावरच्या लाटा शमल्या. हा वृत्तांत १७७४ सालीं छापून प्रसिद्ध झाला. चमचाभर तेल म्हणजे सुमारें ५ घन सेंटिमीटर, आणि अर्धा एकर म्हणजे आपले २० गुंठे. तेव्हां भागाकार केला तर तेलाच्या थराची जाडी एका मिलिमीटरच्या चार लाखाव्या भागाइतकी येते. फ्रँकलिन यांनीं हा भागाकार केला नाहीं. तो पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं इतरांनीं केला. थर याहून पातळ होऊं शकत नाहीं, कारण तो तेलाच्या एका रेणूइतकाच जाड असतो. असे दोन थर एकमेकांस पाठ लावून ठेवले म्हणजे पेशीचें पटल झालें. दोन लाख पटलें एकावर एक रचावीं तेव्हां कोठें एक मिलिमीटर भरेल. आपलें सारें पीक या एवढ्याशा पडद्याच्या आधारानें उभें आहे.

हे थर साध्या तेलाचे नसतात. ज्या द्रव्याचे ते झालेले असतात त्यास फॉस्फोलिपिड म्हणतात. त्याच्या प्रत्येक रेणूस एक डोकें व दोन शेपट्या असतात. डोक्यांत स्फुरद असतो, आणि त्यास पाण्याची ओढ असते. शेपट्या मेदाम्लांच्या असतात, व त्या पाण्यापासून दूर पळतात. पाण्यांत असे असंख्य रेणु एकत्र आले म्हणजे ते आपोआपच दोन रांगा करतात. डोकीं दोन्ही बाजूंस पाण्याकडे, आणि शेपट्या मध्यें दडलेल्या. ही मांडणी कोणी करावी लागत नाहीं. पाणी आहे म्हणूनच ती होते, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें; आपल्या गोष्टीचें मर्म त्यांत आहे. आपण सुपर फॉस्फेटमधून जो स्फुरद देतों त्याचा एक हिस्सा याच डोक्यांच्या कामीं येतो. स्फुरदाची टंचाई झाली तर झाडें कांहीं पटलांत फॉस्फोलिपिडाऐवजीं गंधक किंवा साखर असलेलीं दुसरीं स्निग्ध द्रव्यें वापरून वेळ भागवितात, हें नव्या संशोधनांत दिसून आलें आहे. अंड्याच्या बलकांत असलेलें, आणि सोयाबीनचें तेल शुद्ध करतांना निघणारें लेसिथिन हें याच जातीचें द्रव्य होय.

अशा पटलांतून पाणी थोडेंसें झिरपतें. पण साखर, पालाश व इतर क्षार यांस तें जवळजवळ बंद असतें. मग पेशीचा व्यवहार चालतो कसा? त्यासाठीं पटलांत जागोजाग प्रथिनांचीं दारें बसविलेलीं असतात. पटल घट्ट कातड्यासारखें नसून तेलासारखें पातळ व हलतें असतें, आणि त्यांत हीं प्रथिनें तरंगत असतात, असें चित्र १९७२ सालीं अमेरिकेंतील सिंगर व निकोल्सन या शास्त्रज्ञांनीं मांडलें. कांहीं फेरफारांसह तेंच अजून मान्य आहे. पाण्यापुरतीं निराळीं दारें असतात; तीं शोधून काढल्याबद्दल पीटर अ‍ॅग्री यांस २००३ सालीं रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला.

पटलानें पातळ राहणें अवश्य आहे. तूप थंडींत थिजतें, करडईचें तेल थिजत नाहीं. तुपांतल्या बहुतेक मेदाम्लांच्या शेपट्या सरळ असून एकमेकींस चिकटून बसतात. करडईच्या तेलांतल्या शेपट्यांस मध्येंच बांक असतो, त्यामुळें त्या सैल राहतात. थंड हवेंतलीं झाडें आपल्या पटलांत बांक असलेल्या शेपट्या वाढवितात. केळीसारख्या उष्ण प्रदेशांतल्या झाडांस हें पुरेसें साधत नाहीं. म्हणून खानदेशांत पारा बराच खालीं उतरला कीं केळीच्या फळाची साल काळवंडते, आणि १३ अंश सेल्सिअसच्या खालीं ठेवलेली केळीं नीट पिकत नाहींत. तेथें पाणी गोठलेलें नसतें. विद्वानांच्या मतें बिघाडाची सुरुवात पटलांत होते.

आतां पुन्हां बियाण्याकडे वळूं.

शेंग पक्व होऊन वाळते तेव्हां दाण्यांतलें पाणी साठ टक्क्यांच्या आसपास असतें, तें उतरत उतरत दहा-बारा टक्क्यांवर येतें. पान इतकें वाळलें तर मरून जाईल; बी मरत नाहीं, हाच बियाण्याचा चमत्कार. वर सांगितलें कीं, पटलाची मांडणी पाण्याच्या आधारानें झालेली असते. पाणी गेलें म्हणजे डोकीं एकमेकांजवळ येतात, शेपट्या दाटीनें बसतात, आणि एरवीं पातळ असणारें पटल तुपासारखें थिजतें. हें नुकसान फार वाढूं नये म्हणून बी पिकतांना आपल्यांत कांहीं विशेष शर्करा सांठवितें. त्या डोक्यांच्या मधें पाण्याच्या जागीं बसतात व त्यांस एकमेकांपासून दूर धरतात. सोयाबीन किंवा हरभरा खाल्ल्यावर पोटांत जो वायु धरतो तो बऱ्याच अंशीं अशाच कांहीं शर्करांमुळें. आपणांस ज्याचा उपद्रव वाटतो, तेंच बियाण्याचें रक्षण करतें.

असा वाळलेला दाणा ओलींत पडला कीं त्याच्या गरास पाण्याची विलक्षण ओढ असते. उगवण्यापूर्वीं सोयाबीन आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी पितें. थिजलेलें पटल पुन्हां पातळ होऊन सांधलें जाण्यास थोडा वेळ लागतो. त्या मधल्या वेळांत त्यास फटी असतात, व पेशींतील पालाश, साखर आणि अमिनो आम्लें बाहेर गळतात. हें गळणें चांगल्या बियाण्यांतहि होतें. पण तें पहिल्या कांहीं मिनिटांपुरतें जोरांत असतें व मग मंदावतें, कारण पटल सांधलें गेलें. पाणी सावकाश आलें, म्हणजे ओलसर मातीच्या कणांतून व मातींतल्या वाफेतून आलें, तर पुष्कळशीं पटलें पूर आंत येण्याआधींच सावरतात. पण दाणा साचलेल्या पाण्यांत बुडाला तर पाणी लोंढ्यासारखें आंत घुसतें. बाहेरच्या थरांतल्या पेशी एकदम फुगतात, पटलें फाटतात, आणि मग सांधणें शक्य राहत नाहीं. दाणा जितका अधिक वाळलेला तितका हा धक्का मोठा. म्हणून कडकडीत वाळलेलें बी दमट हवेंत कांहीं काळ ठेवून मग भिजविलें असतां गळती कमी होते, असें प्रयोगांत दिसून आलें आहे.

गळालेली साखर मातींत पडते, आणि तेथें तिची वाट पाहणारे पुष्कळ असतात. पिथियमसारख्या बुरशीस हा जणूं पंगतीचा सांगावाच. ती कांहीं तासांत जागी होऊन दाण्याकडे धांव घेते. आम्हांस जो बुळबुळीतपणा व घाण वास आढळला तो अशा कुजविणाऱ्या जीवांचा; परंतु ते मागाहून आले होते. वरच्या पट्टींतल्या दाण्यांनीं आपली शिदोरी स्वतःच वाटेवर सांडली होती. शिवाय साचलेल्या पाण्यांत हवा मिळत नाहीं, त्यामुळें ज्या पेशी वांचल्या त्यांचाहि श्वास कोंडला.

येथें कोणी विचारील कीं, त्याच पावसांत शेजारच्या कांहीं शेतांतलें सोयाबीन तर उगवलें, मग तुमचेंच कां गेलें? प्रश्न रास्त आहे. सर्व बियाण्यांचीं पटलें सारखीं सशक्त नसतात. आमचें बी २०१९ च्या खरिपाचें होतें. त्या वर्षीं ऑक्टोबरांत काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस लागला. शेंगा झाडावरच भिजल्या, वाळल्या, पुन्हां भिजल्या. प्रत्येक वेळीं दाणा फुगला व आकसला. साल सुरकुतली, आणि आंतल्या पटलांचे कांहीं सांधे कायमचे निखळले. अशा बियाण्यास गोणपाटांतल्या सुखांत ६८ टक्के उगवणें जमतें, पण शेतांतल्या पुराचा धक्का सोसत नाहीं. उगवणशक्ति व जोम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पिशवीवरच्या चिठ्ठीवर आपण जो आंकडा वाचतों तो पहिलीचा असतो. प्रमाणित सोयाबीन बियाण्यास किमान ७० टक्के उगवण लागते. तितकी असूनहि जोम नसल्यास शेत विरळ राहतें.

सांठवणींतहि पटल झिजतें. जवसाचें किंवा सोयाबीनचें तेल उघडें राहिलें तर खवट होतें, याचें कारण बांक असलेल्या शेपट्या हवेंतल्या प्राणवायूशीं लवकर संयोग पावतात. सोयाबीनच्या तेलांत तीन बांक असलेलें लिनोलेनिक आम्ल सुमारें ७-८ टक्के असतें, व तें सर्वांत आधीं बिघडतें. दाण्यांत सांठ्याचें तेल निराळ्या थेंबांत असतें, तें पटल नव्हे. पण पटलाच्या शेपट्याहि त्याच नाजूक जातीच्या असल्यामुळें त्यांसहि तीच खवटाई लागते. ई जीवनसत्त्व हें तिला कांहीं काळ थोपवून धरतें. ओल व उष्णता वाढली कीं हा नाश वाढतो. हॅरिंग्टन या अमेरिकन बीजशास्त्रज्ञांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: बियाण्यांतली ओल एका टक्क्यानें कमी केली तर त्याचें आयुष्य दुप्पट होतें, आणि सांठवणीची उष्णता ५ अंश सेल्सिअसनें कमी केली तरीहि दुप्पट होतें. ओलीचा नियम सुमारें ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान लागू पडतो. म्हणजे १२ टक्के ओलीचें बी ९ टक्क्यांवर आणलें तर तें आठपट टिकावें. हा ठोकताळाच आहे, वेद नव्हे. पण पत्र्याच्या खोलींत मे महिन्यांत ठेवलेल्या पोत्याचें काय होत असेल, याची त्यावरून कल्पना येते. आमचीं पोतीं पत्र्याखालींच होतीं, हें येथें कबूल करणें भाग आहे.

ज्वारीचें बी एवढें हळवें नसतें. सोयाबीनची साल पातळ, आणि भावी मूळ ज्यांतून निघावयाचें तो मोड सालीच्या लगेच खालीं, दाण्याच्या कडेला असतो. पोतें खांद्यावरून फरशीवर आदळलें कीं तो आंतल्या आंत दुखावतो. साल तडकली म्हणजे पाणी आंत येण्यास वेशीचा दरवाजाच उघडा पडला, असें समजावें. भुईमूग आपण शेंगांतच राखून ठेवतों तें शहाणपणाचें आहे. सोयाबीनला तशी सोय नाहीं. म्हणून बियाण्यासाठीं ठेवावयाच्या सोयाबीनची मळणी यंत्रावर करणें झाल्यास ड्रमचे फेरे मिनिटास ४०० ते ५०० च्या वर जाऊं देऊं नयेत, आणि थोडेंसें पीक काठीनें झोडपून वेगळें काढतां आलें तर फारच उत्तम. पोतीं जमिनीवर न ठेवतां लाकडी फळ्यांवर ठेवावीं, थप्पी उंच रचूं नये, आणि हमालास चार पैसे अधिक देऊन पोतें हळू उतरवून घ्यावें. बीजप्रक्रिया करतांनाहि हात हलका पाहिजे. औषधाचें पाणी जास्त झालें किंवा दाणे जोरानें चोळले तर साल सुटते, व बुरशीपासून वांचविण्याच्या खटपटींत आपणच तिला वाट करून देतों.

बी रात्रभर भिजत घालून पेरण्याची रीत कांहीं पिकांस मानवते. सोयाबीनला ती लावूं नये; जो धक्का टाळावयाचा तोच तांब्याभर पाण्यांत आपण त्यास देतों. पेरणीची खोली ३ ते ४ सेंटिमीटर पुरे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनींत खोलवर ओल गेल्यावर, वाफशावर पेरावें, ही शिफारस कृषि विद्यापीठें वर्षानुवर्षें करीत आलीं आहेत. आम्हीं ती वाचली होती आणि पाळली नव्हती. ती केवळ दुष्काळाच्या भीतीनें केलेली आहे असा आमचा समज होता. तिच्यांत पुराच्या धक्क्याचाहि बंदोबस्त आहे, हें वरच्या पट्टीनें शिकविलें. पेरणीनंतर त्याच रात्रीं पाऊस कोसळेल कीं नाहीं हें कोणाच्या हातीं नाहीं. परंतु वाफशावर पेरलेल्या दाण्यास दोन-तीन दिवस सावकाश पाणी मिळालेलें असलें, तर मागाहून येणारा पाऊस तितका घातक होत नाहीं. जोराच्या पावसाचा अंदाज जाहीर झालेला असतांना त्याच दिवशीं तिफण बाहेर काढूं नये.

बियाण्यासाठीं उन्हाळी सोयाबीन घेण्याची चाल अलीकडे वाढली आहे. त्याची पेरणी ऐन थंडींत येते. गार पाण्यांत पटल अधिक वेळ थिजलेलें राहतें व गळती वाढते. त्यामुळें पहाटेच्या कडाक्यांत पाणी भरण्यापेक्षां थंडी ओसरूं लागल्यावर आधीं रान ओलवून, वाफशावर पेरणें सोयीचें.

जोमाची परीक्षा करण्याची एक प्रयोगशाळेंतली रीत याच गळतीवर बसविलेली आहे. मोजलेले दाणे शुद्ध पाण्यांत एक अहोरात्र ठेवतात आणि त्या पाण्यांतून वीज किती सहज वाहते तें मापतात. क्षार जितके गळाले तितकी वीज सहज वाहते, व बी तितकें कमजोर समजतात. घरीं वीज मोजण्याचें साधन नसतें. पण दोन राशींचे पन्नास-पन्नास दाणे मोजून, सारख्या पेल्यांत सारखेंच पाणी घालून चार-पांच तास ठेवले, तर कोणत्या पेल्यांतलें पाणी अधिक पिवळट व गढूळ झालें हें डोळ्यांनीं दिसतें. ही परीक्षा ओबडधोबड आहे. दोन राशींत डावें-उजवें ठरविण्यापुरतीच ती उपयोगी. तपासलेले दाणे पेरूं नयेत. उगवणीचा आंकडा काढावयाचा तर शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडून, गुंडाळी करून सावलींत ठेवावे, रोज पाणी शिंपडावें, आणि सात-आठ दिवसांनीं ज्यांस निरोगी मूळ व कोंब दोन्ही आहेत तेवढेच मोजावे. नुसता मोड फुटून थांबलेला दाणा मोजूं नये. स्वतःच्या बियाण्याची परीक्षा घेतांना हात सैल सुटतो, हा अनुभव आहे.

आंकडा हातीं आल्यावर हिशेब सोपा आहे. ७० टक्के उगवणीस एकरीं ३० किलो धरतात. ३० ला ७० नें गुणावें, आणि आलेल्या संख्येस आपल्या आंकड्यानें भागावें. साधारणपणें दर एक टक्का कमी भरल्यास एकरीं अर्धा किलो वाढतें.

२०२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस आबा आपलें बियाणें धोतराच्या सोग्यांत बांधून आमच्या ओसरीवर आले. त्यांच्या दोन राशी होत्या. एक पहिल्या मळणीची, दुसरी पावसांत सांपडलेली. दोन पेले मांडले. दुसऱ्या राशीचें पाणी दुपारपर्यंत ताकासारखें झालें. ती रास आबांनीं तेथल्या तेथें तेलाच्या घाण्यास देण्याचें ठरविलें. पहिल्या राशीचे शंभरांतले ६१ दाणे उगवले. हिशेबानें एकरीं साडेचौतीस किलो आलें. त्यांनीं ३५ धरलें, आणि मृग लागून दोन सरी पडल्या तरी तिफण गोठ्याच्या भिंतीस टेकवून ठेवली, ती वाफसा आल्यावर सहाव्या दिवशीं बाहेर काढली.